पेशीतील वाटणी आणि तिचे राखणदार

(पिंपळवंडी येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या मेळाव्यात शास्त्रावर चार शब्द बोलावेत, असे मला सांगण्यात आले. मी कला शाखेचा पदवीधर. वर्गात मराठी आणि इतिहास शिकवतो. तरीही मी कर्करोगाशी संबंधित विषय निवडला, याला कारण आहे. हा शब्द आता आपल्याला परका राहिलेला नाही. आळेफाटा, नारायणगाव, जुन्नर, कोठेही विचारा. कोणाच्या ना कोणाच्या घरचे माणूस मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जाऊन आलेले असते. मग ओट्यावर बसल्यावर प्रश्न निघतो, "हे होते तरी कशाने?" कोणी नशिबाला बोल लावतो, कोणी नजर लागली म्हणतो. खोडदच्या दुर्बिणीमुळे तर नाही ना, असेही एखादा विचारतो.

या प्रश्नाचे सगळे उत्तर एका भाषणात मावणार नाही. पण त्याचा एक महत्त्वाचा धागा शास्त्रज्ञांच्या हाती लागला आहे, आणि त्यातील काही काम आपल्याच महाराष्ट्रात, नवी मुंबईतील खारघर येथे झाले आहे. तो धागा मी माझ्या समजुतीप्रमाणे आपल्यापुढे उलगडतो.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, हे सातवी-आठवीचा विद्यार्थीही सांगेल. बहुतेक पेशींमध्ये एक केंद्रक असते आणि त्यात ४६ गुणसूत्रे असतात. ही गुणसूत्रे म्हणजे डीएनएचे लांबलचक धागे. एका पेशीतील सगळे धागे सरळ करून टोकाला टोक जोडले, तर लांबी सुमारे २ मीटर भरते. माणसापेक्षा उंच दोरा डोळ्यांना न दिसणाऱ्या डबीत गुंडाळून ठेवलेला आहे! शरीर कसे घडवायचे आणि कसे चालवायचे, याचा सारा मजकूर या दोऱ्यावर लिहिलेला असतो.

पेशी विभागते, तेव्हा एकीच्या दोन होतात. दहावीच्या विद्यार्थ्यांनी सूत्री विभाजनाची आकृती काढलेली आहे. वडिलोपार्जित जमिनीची दोन भावांत वाटणी व्हावी, तसा हा प्रकार आहे. फरक एवढाच, की पेशी वाटणीपूर्वी सगळ्या मजकुराची नक्कल करून घेते, म्हणजे दोघींना पूर्ण वाटा मिळतो. नक्कल एकदाच व्हायला हवी. अर्धवट राहिली तरी घोटाळा, दोनदा झाली तरी घोटाळा.

आता वाटणी करायची तर वाटा ओढून घेणारे दोन टोकांना दोघे हवेत. पेशीत हे काम सेंट्रोसोम नावाचा सूक्ष्म अवयव करतो. केंद्रकाच्या शेजारी तो असतो. त्याच्या पोटात सेंट्रिओल नावाच्या दोन नळकांड्या असतात, आणि प्रत्येक नळकांड्याच्या भिंतीत नळ्यांचे नऊ जुडगे गोलाकार मांडलेले असतात. एका नळकांड्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारे दोन हजाराव्या भागाएवढी. विभाजनाच्या आधी एका सेंट्रोसोमचे दोन होतात, दोघे पेशीच्या दोन टोकांना जातात आणि तेथून तुरीय तंतू सोडतात. हे तंतू गुणसूत्रांना धरतात आणि नकला दोन बाजूंना ओढल्या जातात.

म्हणजे पेशीला दोन हिशेब एकाच वेळी सांभाळावे लागतात. डीएनएची नक्कल एकदा, सेंट्रोसोमचे एकाचे दोनही एकदाच. माझ्या आजच्या बोलण्याचे सार या दोन हिशेबांत आहे, म्हणून एवढे लक्षात ठेवावे.

सेंट्रोसोम तीन किंवा चार झाले तर काय होईल? जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी या अवयवाला १८८८ साली नाव दिले, आणि पुढे १९०२ साली या प्रश्नाचे उत्तरही दिले. त्यांनी सागरी अर्चिन या प्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग केले. एका अंड्यात दोन शुक्रपेशी शिरल्या, की प्रत्येकीबरोबर आलेल्या सेंट्रोसोममुळे अंड्यात चार टोके तयार होत. गुणसूत्रे चहूकडे ओढली जात, कोणाला जास्त, कोणाला कमी. बहुतेक पिलांची वाढ बिघडे. त्यावरून १९१४ साली बोव्हेरी यांनी एक पुस्तक लिहून असा तर्क मांडला, की घातक गाठींचे मूळ गुणसूत्रांच्या अशा चुकीच्या वाटणीत असावे. पुढच्याच वर्षी ते वारले. घातक गाठींपैकी बहुतेकींमध्ये जादा सेंट्रोसोम असतात, हे आज सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. डीएनएचा हा दोरा पेशीत सुरक्षित पडून राहतो असे नाही. त्याला रोज हजारो लहान इजा होतात. काही पेशीच्या आतल्याच रासायनिक घडामोडींमुळे, काही उन्हातील अतिनील किरणांमुळे, काही क्ष-किरणांमुळे आणि काही तंबाखूतील विषारी द्रव्यांमुळे. यांतील बहुतेक इजा पेशी स्वतःच दुरुस्त करते. ही दुरुस्ती कशी होते, हे शोधून काढल्याबद्दल टोमास लिंडाल, पॉल मॉड्रिक आणि अझीझ सँकार या तिघांना २०१५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पालकांना मुद्दाम सांगतो, सँकार यांचा जन्म तुर्कस्तानातील सावुर या छोट्या गावचा. आई-वडील निरक्षर, घरात आठ भावंडे. पण शिक्षण हवेच, हा आई-वडिलांचा आग्रह होता.

दुरुस्तीला वेळ लागतो. तोपर्यंत पेशीचे विभाजन थांबले पाहिजे. हा थांबण्याचा संकेत कसा दिला जातो, ते समजण्यासाठी आपण एस.टी.चे उदाहरण घेऊ. कंडक्टरने एक घंटी दिली की ड्रायव्हर गाडी थांबवतो, आणि दोन घंट्या दिल्याशिवाय पुढे काढत नाही. कोणी पायरीवर लोंबकळत असेल, तर कंडक्टर दोन घंट्या देणार नाही.

पेशीतील पहिली घंटी वाजवणाऱ्या प्रथिनांची नावे एटीएम आणि एटीआर. हे एटीएम बँकेचे नव्हे! दोरा दोन्ही पदरांनी तुटला की एटीएम जागे होते. नक्कल करताना काम अडले किंवा एकच पदर उघडा पडला, की एटीआर. हे दोघे पुढे चेक-१ आणि चेक-२ या निरोप्यांना निरोप देतात. विभाजनाची गाडी सुरू करणाऱ्या प्रथिनाचे नाव सीडीसी-२५-सी. प्रथिन म्हणजे कड्यांची साखळी, हे आपण शिकतो. निरोपे या सीडीसी-२५-सीच्या २१६ व्या कडीवर फॉस्फेटचा शिक्का मारतात. शिक्का दिसला की १४-३-३ नावाचे प्रथिन येऊन त्याला धरून ठेवते. गाडी उभी राहते.

१४-३-३ हे नाव ऐकून विद्यार्थ्यांना हसू आले असेल. १९६७ साली मेंदूतील प्रथिने वेगळी करताना हे ज्या जागी सापडले, त्या जागेचे आकडेच त्याला नाव म्हणून चिकटले. माणसात याची सात भावंडे आहेत आणि त्यांना ग्रीक अक्षरांची नावे आहेत. त्यांतल्या गॅमा नावाच्या भावंडाची गोष्ट पुढे यायची आहे.

आणखी एक मोठा राखणदार आहे, पी-५३. इजा झाल्याची बातमी त्याच्यापर्यंत गेली की तो पी-२१ नावाच्या प्रथिनामार्फत सीडीके-२ नावाची किल्ली काढून घेतो. आता गंमत पाहा. डीएनएची नक्कल सुरू करायला हीच किल्ली लागते आणि सेंट्रोसोमचे दोन करायलाही हीच. त्यामुळे नक्कल सुरू होण्यापूर्वी इजा झाली आणि पी-५३ जागेवर असला, तर एकाच किल्लीने दोन्ही हिशेब थांबतात. व्यवस्था किती चोख आहे!

अडचण पुढे येते. डीएनएची नक्कल पुरी झाली आहे, सेंट्रोसोमचेही दोन झाले आहेत, आता विभाजन व्हायचे, आणि अशा वेळी दोरा तुटला. चेक-१ने गाडी थांबवली. डीएनएचा हिशेब जागच्या जागी राहिला. पण सेंट्रोसोमचे काय? जुने नळकांडे आणि त्याच्या कुशीला वाढलेले नवे नळकांडे एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात. ती चिकटलेली आहेत, तोवर तिसरे जन्मत नाही. ही गाठ विभाजनाच्या अखेरीस सुटायची असते. परंतु पेशी बराच काळ थांबून राहिली, तर गाठ वेळेआधीच सुटते. सुटलेल्या नळकांड्यांना पुन्हा वाढण्याची मुभा मिळते आणि दोनाचे तीन-चार सेंट्रोसोम होतात. पेशींवर किरणांचा मारा केल्यावर असे घडते, हे प्रयोगशाळांत पाहिले गेले. आणि २००७ साली हेही दिसले, की या वाढीला तोच चेक-१ लागतो. गाडी थांबवणारा कंडक्टरच नकळत मागचे दार उघडे ठेवतो, असा हा प्रकार. थांबणे आवश्यक आहे, पण एक हिशेब थांबला आणि दुसरा चालू राहिला, तर त्या थांबण्यातूनही धोका निघतो.

आता खारघरला जाऊ. परळला टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. त्याच परिसरात १९५२ साली कर्करोग संशोधनाचे केंद्र निघाले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू यांच्या संबंधावर त्यांनी केलेले काम प्रसिद्ध आहे. आपल्या पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी याच केंद्रात पेशी काचपात्रात वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. हे संशोधन २००२ साली खारघरच्या नव्या जागेत गेले. या संस्थेला आज सगळे 'अॅक्ट्रेक' म्हणतात.

अॅक्ट्रेकमधील डॉ. सोरब दलाल आणि त्यांचे सहकारी १४-३-३ प्रथिनांवर काम करीत आले आहेत. मानवी पेशींतून गॅमा हे भावंड कमी केले, तर डीएनएला इजा झालेली असतानाही पेशी विभाजनाकडे धावतात, थांबण्याचा संकेत पाळला जात नाही, असे त्यांनी २००८ साली दाखवले. पुढे २०१६ साली त्यांच्या गटाने आणखी एक शोध प्रसिद्ध केला. हे गॅमा प्रथिन सेंट्रोसोमपाशीही असते. ते कमी केले, की एनपीएम-१ नावाच्या प्रथिनाच्या १९९ व्या कडीवर अवेळी शिक्का बसतो, नळकांड्यांची गाठ लवकर सुटते आणि सेंट्रोसोम वाजवीपेक्षा जास्त होतात. अशा पेशींत गुणसूत्रांची संख्या बिघडली आणि उंदरांमध्ये गाठी अधिक झाल्या.

या दोन शोधांचा अर्थ एकत्र लावून पाहा. डीएनएची इजा भरून येईपर्यंत गाडी धरून ठेवणारा आणि सेंट्रोसोमची गाठ राखणारा राखणदार एकच निघाला. दोन हिशेबांना जोडणारी एक कडी सापडली. बोव्हेरींनी १९१४ साली ज्या दाराशी आणून सोडले होते, त्या दाराची एक किल्ली शंभर वर्षांनी आपल्या खारघरला हाती लागली, असे म्हणायला हरकत नाही.

कोणी विचारेल, चार टोके झालेली पेशी तर मरून जायला हवी. मग गाठ वाढते कशी? अगदी बरोबर शंका आहे. कर्कपेशी येथे एक युक्ती करते. जादा सेंट्रोसोमचे ती दोन घोळके करते आणि चार टोकांची पेशी दोन टोकांची असल्यासारखी विभागते. वाटणीत थोडी गडबड होते, पण पेशी जगते. डॉ. दलाल यांच्या गटाने गॅमा कमी असलेल्या पेशींना २१६ व्या कडीवर शिक्का बसूच न शकणारे सीडीसी-२५-सी दिले आणि विभाजनाला अवेळी ढकलले. तेव्हा घोळके मोडले, टोके विखुरली, पेशी मरू लागल्या आणि उंदरांतील गाठींची वाढ कमी झाली. हा प्रयोगशाळेतील निष्कर्ष आहे. यावरून उद्या औषध निघेल, असे मी म्हणणार नाही; आणि 'पेशी दुरुस्त करणारे चूर्ण' म्हणून कोणी काही विकायला आला, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

आता ओट्यावरच्या त्या प्रश्नाकडे येतो.

प्रथम खोडदची दुर्बीण. तेथे आणि आसपास ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या आहेत. त्या आकाशातून आलेल्या रेडिओ लहरी फक्त ऐकतात, काही सोडत नाहीत. शिवाय रेडिओ लहरींमध्ये डीएनएचा दोरा तोडण्याइतकी शक्ती नसते. क्ष-किरणांमध्ये ती असते, म्हणून क्ष-किरण तपासणी डॉक्टर गरजेपुरतीच करतात आणि गरज असेल तेव्हा ती टाळूही नये. कर्करोगावर किरणोपचार करतात, तेव्हा तर मुद्दाम गाठीतील पेशींचे दोरे तोडायचे असतात. ज्या पेशींचे राखणदार आधीच गेलेले असतात, त्या तुटलेल्या दोऱ्यांनिशी विभागायला जातात आणि पुष्कळदा त्या वाटणीतच मरतात. "किरण देऊन माणूस जास्त बिघडतो" असे म्हणून उपचार अर्धवट सोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

खरा दोषी आपल्या खिशात आणि आपल्या न्हाणीघरातील कोनाड्यात आहे. खिशात तंबाखूची पुडी, कोनाड्यात मिशरीचा डबा. तंबाखूतील नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये डीएनएला चिकटून त्याचा मजकूर बिघडवतात. धुराची तंबाखू असो, चघळण्याची असो, की भाजून दातांना लावायची मिशरी असो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या सर्वांना माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. सुपारीसुद्धा त्याच गटात आहे. आपल्या राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पण पुडी मिळतच नाही, असे येथे कोणी छातीला हात लावून सांगेल का?

दादी म्हणते, "मी चाळीस वर्षे मिशरी लावते, मला काही झाले नाही." दादीचे म्हणणे खोटे नाही. तिच्या गालाच्या आतील पेशींचे राखणदार चाळीस वर्षे घंटी वाजवीत आणि दोरे सांधत आले आहेत. पण राखणदारांचा मजकूरही त्याच दोऱ्यावर लिहिलेला आहे. रोज इजा होत राहिली, तर केव्हातरी ती पी-५३च्या मजकुरावरही पडते. तोंडाच्या कर्करोगात पी-५३ बिघडलेला वारंवार आढळतो. राखणदार गेला, की किल्ली कोणाच्याही हाती. मग दोन्ही हिशेब सुटतात. कोणाच्या बाबतीत हे लवकर होते, कोणाच्या बाबतीत होतही नाही. तेवढ्या भागाला नशीब म्हणायचे तर म्हणा. पण रोज इजा करायची की नाही, हे आपल्या हातात आहे, आणि सवय सोडल्यावर धोका वर्षागणिक कमी होत जातो.

म्हणून माझी एक विनंती आहे. घरी गेल्यावर उजेडात आरसा धरून प्रत्येकाने आपले तोंड आतून पाहावे; वडीलधाऱ्यांचे तोंड मुलांनी पाहावे. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, पूर्वीइतके न उघडणारे तोंड, यांपैकी काही दिसले तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. लाज वाटते म्हणून भगिनींनी थांबू नये, आणि "सुगी होऊ दे, मग पाहू" असे पुरुषांनी म्हणू नये. गाठ लहान असताना उपचार सोपा असतो आणि यशाची शक्यता मोठी असते. हा रोग शिवण्याने पसरत नाही, तेव्हा रुग्णाचे ताट-पेला वेगळे काढण्याचेही कारण नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला वेगळे सांगायचे आहे. दहावीच्या पुस्तकातील ती आकृती गुणांपुरती पाठ करू नका. दोन टोके दोनच का, तीन का नाहीत, असा प्रश्न विचारा. हाच प्रश्न बोव्हेरींनी विचारला होता, आणि आजही त्याचे उत्तर पुरे झालेले नाही. खारघर पिंपळवंडीहून फार दूर नाही. तेथे जाण्याचा रस्ता दहावी-बारावीच्या विज्ञानाच्या वर्गातून जातो, आणि त्या वर्गात बसण्याचा हक्क मुलांइतकाच मुलींनाही आहे.

 आरसा पाहायला मात्र विसरू नका.